१२,२८८ बाइट

“एसएसडी टाक, पळायला लागेल.” संथ कॉम्प्युटर घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे सांगतच दारात उभा राहतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. मिनिटाला ७,२०० फेरे मारणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एका फेऱ्याला आठ मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारं हेड नेमक्या जागी सरकायला वेळ जातो तो वेगळाच. एसएसडी म्हणजे चिपांवर साठवण करणारी डिस्क, तिच्यात फिरणारं, सरकणारं काही नसतंच. तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं. त्यामुळे आम्ही दुरुस्तीवालेही फार चौकशी न करता क्लोन लावतो, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवतो. मीही इतकी वर्षं तेच करत आले.

त्या दिवशी आलेलं मशीन एका पॅथॉलॉजी लॅबचं होतं. रक्ततपासणीच्या यंत्राला जोडलेलं, ३२ बिटी विंडोज ७, नेटला मुद्दाम कधीच न जोडलेलं. लॅबचे तंत्रज्ञ काका स्वतः घेऊन आले होते. “अगं, सकाळी बटण दाबतो, सगळे नमुने लावून येतो, तरी ते गोल फिरतंच असतं,” म्हणाले. अकरा मिनिटं लागत होती. नवीन विंडोज टाकायची सोय नव्हती, कारण यंत्राचं सॉफ्टवेअर बसवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि सीडी सापडत नव्हती. आहे ते सगळं जसंच्या तसं उचलून एसएसडीवर ठेवायचं, एवढाच मार्ग होता.

इथे एक गोष्ट सांगते, कारण यात लोक हमखास फसतात. जुनी हार्ड डिस्क ५०० जीबीची होती. बाजारात ४८० जीबीच्याही एसएसडी मिळतात आणि ‘वीसच जीबीचा तर फरक’ म्हणून लोक तीच उचलतात. मग क्लोन करण्याआधी पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला भाग, आक्रसून घ्यावं लागतं आणि हलवता न येणाऱ्या सिस्टिम फायली नेमक्या शेवटाला ठाण मांडून बसलेल्या निघतात. ५०० जीबीच्या डिस्कवर ९७,६७,७३,१६८ सेक्टर, म्हणजे ५१२ बाइटचे कप्पे, असतात. तितक्याच सेक्टरची एसएसडी घेतली की काही कापावं लागत नाही. ती मी आठवणीने मागवली होती. डिस्कची तब्येत तपासायचं मात्र माझ्या मनातही आलं नाही.

क्लोन माझ्या सहकाऱ्याने लावला. ३८ टक्क्यांवर तो अडकला. जुन्या डिस्कमधून एकाच लयीत टक्, टक् असा आवाज येऊ लागला आणि पडद्यावर चौकट उघडली: वाचताना चूक झाली. खाली तीन बटणं होती, त्यातलं सगळ्यात ठळक ‘सर्व चुकांकडे दुर्लक्ष करा’. त्याचा हात तिकडे गेलाच होता. मी थांब म्हटलं. त्याला दोष देणार नाही, मुलगा हाताचा चलाख आहे आणि हे बटण मीच त्याला शिकवलं होतं. राग येतो तो हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा. दुर्लक्ष केलेल्या जागा ते गाळतं, पुढे जातं आणि शेवटी तीच हिरवी बरोबरची खूण दाखवतं. काय गाळलं, कुठे गाळलं, एक अक्षर सांगत नाही.

मी थांबवलं ते त्या आवाजामुळे. स्मार्ट रीडिंग, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढलं, तर करंट पेंडिंग सेक्टर ४०. वाचता न आलेल्या जागा डिस्क स्वतःच या खात्यात टाकते. या डिस्कचा खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा, म्हणजे ५१२ बाइटचे आठ मिळून एक. चाळीस भागिले आठ, पाच जागा. मग डोक्यात प्रकाश पडला. मशीन जुनं म्हणून संथ नव्हतं. वाचता न येणाऱ्या जागेशी डिस्क सेकंदचे सेकंद झटत बसत होती, म्हणून संथ होतं. अशा मरणपंथाला लागलेल्या डिस्कला आपण सलग पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत पळवतो आणि त्याला अपग्रेड म्हणतो.

क्लोन रद्द केला. डिस्क काढून लिनक्सच्या मशीनला जोडली आणि डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कमधला डेटा काढणारं सॉफ्टवेअर लावलं. याची रीत मला फार आवडते. पहिल्या फेरीत ते अडणाऱ्या जागी हुज्जत घालत नाही. जे सहज निघतं ते आधी काढून घेतं, अडलेल्या जागांची नोंद एका नकाशात ठेवतं आणि मग मागे फिरून फक्त तेवढ्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. वीज गेली तरी नकाशावरून पुढे सुरू. प्रत थेट एसएसडीवर न घेता मी एका मोठ्या डिस्कवर फाईल म्हणून घेतली. रात्रभर चाललं. सकाळी पाचातल्या दोन जागा निघाल्या होत्या, तीन राहिल्या. १२,२८८ बाइट. पाचशे अब्ज बाइटांपुढे हा आकडा काहीच नाही, आणि एरवी मी इथेच ‘झालं’ म्हटलं असतं.

पण मशीन लॅबचं होतं. डीडीरेस्क्यूमध्ये न वाचलेल्या जागा आपल्याला हव्या त्या मजकुराने भरता येतात. मी प्रतीची आणखी एक प्रत काढली, त्या तीन भोकांत ‘इथे वाचता आलं नाही’ ही ओळ भरली आणि सगळ्या फायलींत ती ओळ शोधली. एक भोक कोणत्याच फाईलमध्ये नव्हतं, मोकळ्या जागेत होतं. दुसरं हायबरनेशनच्या, म्हणजे मशीन झोपवताना मेमरी उतरवून ठेवायच्या फाईलमध्ये, तिचं काही वाटून घ्यायचं कारण नाही. तिसरं रुग्णांच्या नोंदींच्या फाईलमध्ये.

मूळ प्रतीवरून, म्हणजे जिथे त्या भोकांत नुसती शून्यं होती तिथून, एसएसडी भरली आणि मशीन सुरू केलं. पस्तीस सेकंदांत डेस्कटॉप आला. काकांचा चेहरा उजळला. मी नोंदींची यादी उघडून खाली सरकवत गेले. एका जागी १९ ओळी रिकाम्या. नावाच्या जागी काही नाही, हिमोग्लोबिनच्या जागी शून्य. प्रोग्रॅमने चकार शब्द काढला नव्हता.

“बॅकअप आहे की,” काका म्हणाले, “दर शनिवारी डी ड्राइव्हला घेतो.” मी कपाळाला हात लावला. डी ड्राइव्ह म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा भाग, तो बॅकअप नव्हे, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. डिस्क गेली की दोन्ही जातात. आजही तेच सांगेन. पण त्या दिवशी मला त्या शनिवारच्या प्रतीनेच हात दिला, कारण ती तबकडीवर दुसरीकडे होती आणि अखंड वाचली गेली होती. फाईल जुन्या धाटणीची, प्रत्येक नोंद ठरावीक लांबीची, एकापुढे एक. म्हणून दोन्ही फायली सुरुवातीपासून त्याच अंतरावर उघडल्या. भोकाच्या आधीचे आणि नंतरचे बाइट तंतोतंत जुळले. मधले ४,०९६ उचलून जागेवर बसवले. काकांनी लॅबमधून कागदी रजिस्टर आणवलं. ते एकेक नाव आणि आकडा वाचत गेले, मी पडद्यावर बोट ठेवत गेले. एकोणीसही जुळले. काठावर तुटलेल्या दोन नोंदीही पुऱ्या झाल्या होत्या. तोवर माझे हात गार पडले होते.

मशीन गेलं, त्याला आता तीन आठवडे झाले. बॅकअप आता वेगळ्या डिस्कवर जातो, काका तसा फोटोही पाठवतात. मी मात्र कामाची जुनी वही काढून बसले आहे. पानोपानी माझ्याच अक्षरात ‘क्लोन झाला, विंडोज सुरू’. त्यातल्या किती वेळा ते ठळक बटण दाबलं होतं, ते कुठेच लिहिलेलं नाही. जिथे ‘डिस्क आवाज करते’ असा शेरा आहे, त्या सगळ्यांना फोन करते आहे. बहुतेकांनी जुनी डिस्क केव्हाच टाकून दिली. एका बाईंकडे ती अजून कपाटात आहे. सोमवारी घेऊन येणार आहेत.