विंडसॉककडे शेवटचं कधी पाहिलं?

रबाळे एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात बाबांनी 27 वर्षं शिफ्टमध्ये काढली. ऐरोलीच्या घरी आले की डबा मोरीत ठेवता ठेवता कधीतरी म्हणायचे, "आज एक निअर मिस लिहून आलो." म्हणजे होता होता टळलेला अपघात: झडप अर्धवट उघडी राहिलेली, शिडीची पायरी सैल झालेली, असं काहीतरी. कुणाला खरचटलेलंही नसायचं. आई विचारायची, "काही झालंच नाही, तर लिहायचं काय?" बाबा म्हणायचे, "झाल्यावर पोलीस लिहितात."

हे ऐकत मी मोठी झाले. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी एक ओळही लिहिली नाही.

2012 साली मी विमान चालवायला शिकत होते. शेतांच्या मधोमध छोटी धावपट्टी, टॉवर नाही. अशा ठिकाणी वैमानिकच रेडिओवर एकमेकांना सांगत राहतात: मी डाउनविंडला आहे, बेसला वळतेय, आता फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या फेरीतले टप्पे. "उतरा" म्हणून परवानगी देणारं कुणी नसतं. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, पाहायचा, वारा जिकडून येतोय तिकडे तोंड करून उतरायचं, आणि इतरांनीही तेच पाहिलं असेल असं धरून चालायचं.

त्या सकाळी मी एकटी सर्किट मारत होते. उतरायचं, लगेच उडायचं, पुन्हा फिरून यायचं. पहाटे वारा जवळजवळ पडलेला होता. ऊन चढलं तसा तो फिरला. मी मात्र तीच दिशा धरून होते. फायनलवर आले, जमीन दोनेकशे फुटांवर राहिली असेल, आणि धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून एक दिवा माझ्याकडे येताना दिसला. दुसरं विमान समोरून उतरत होतं. समोरासमोर आलं की दोघांनीही उजवीकडे वळायचं, हा नियम हाताला पाठ होता म्हणून वाचले. थ्रॉटल पुढे, उजवीकडे, वर. तोही त्याच्या उजवीकडे गेला.

खाली उतरल्यावर पाय थरथरत होते. इन्स्ट्रक्टरनी पाणी दिलं आणि म्हणाले, "विमान नीट आहे ना? मग विसर आता." त्यांनी ते मायेनेच म्हटलं होतं. खरं तर हे कळवायलाच हवं होतं. पण माझे तास भरायचे होते, एकेका तासाचे पैसे घरून कसे येतात ते माहीत होतं, आणि लायसन्सच्या आधीच आपल्या नावावर डाग नको असं वाटलं.

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये तो दुसरा मुलगा भेटला. तो म्हणाला, मी दोनदा कॉल दिला होता. मी म्हणाले, मला एकही ऐकू आला नाही. मग आठवलं, बेसला वळताना मी बोलून संपवलं तेव्हा कानात किर्र असा आवाज झाला होता. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की रेडिओवर दोघांचंही बोलणं मरतं, ऐकणाऱ्याला फक्त ती किरकिर मिळते. म्हणजे किर्र ऐकू आलं की समजायचं, आणखी कुणीतरी आहे, पुन्हा विचारा. त्या दिवसाची सगळ्यात कामाची गोष्ट हीच होती, आणि ती कॅन्टीनच्या टेबलावरच राहिली. महिनाभराने आमच्याच दोन विद्यार्थ्यांचं तसंच झालं. तेही वाचले. त्यांना आमची गोष्ट माहीत नव्हती.

टॉवर असेल तर बोललेलं सगळं टेपवर असतं, कंट्रोलरच्या नोंदी असतात. 25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली. तिथे माझ्याकडून काही चुकलं तर मी न सांगताही कळेल. लहान धावपट्टीवर मात्र ते दोन डोक्यांतच असतं.

1 डिसेंबर 1974 ला अमेरिकेत टीडब्ल्यूएचं 514 हे विमान वॉशिंग्टनजवळ उतरताना डोंगरावर आदळलं, 92 माणसं गेली. सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच ठिकाणी तीच चूक करून थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएपर्यंत ते पोचलंच नाही. त्यानंतर 1976 मध्ये नासाकडे चुका कळवण्याची व्यवस्था सुरू झाली. नासाकडे का, तर नासा कुणाचं लायसन्स काढून घेऊ शकत नाही. मुद्दाम केलेली चूक नसेल आणि 10 दिवसांत कळवलं असेल तर सहसा शिक्षा माफ होते, आणि कळवणाऱ्याचं नाव नोंदीतून काढून टाकतात.

आपल्याकडेही डीजीसीएने, म्हणजे वैमानिकांना लायसन्स देणाऱ्या सरकारी विभागाने, स्वेच्छेने कळवण्याची सोय केली आहे. पण जिथून लायसन्स मिळतं तिथेच आपली चूक सांगायची, हे विशीतल्या मुलाला जड जातं. मला गेलं असतं. हे काम वेगळ्या, शिक्षेचा अधिकार नसलेल्या संस्थेकडे असावं असं मला मनापासून वाटतं.

किर्र आवाजाची आठवण मला क्विन्सीबद्दल वाचताना पुन्हा आली. 19 नोव्हेंबर 1996, अमेरिकेतल्या इलिनॉयमधला टॉवर नसलेला विमानतळ. उतरणाऱ्या विमानाने विचारलं, धावपट्टीशी थांबलेलं विमान थांबणार आहे ना? उत्तर आलं, पण ते तिसऱ्याच विमानाचं होतं, आणि नेमका त्यातला काही भाग कॉकपिटमधल्या इशाऱ्याच्या आवाजात बुडाला. विमानं एकमेकांवर आदळली, दोन्ही विमानांतले मिळून 14 जण गेले.

परवा आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाचा फोन आला. तोही सध्या अशाच एका धावपट्टीवर शिकतोय. "ताई, आज समोरून एक जण आला." आवाजावरून ओळखलं. म्हटलं, जेवायच्या आधी लिहून काढ. घड्याळातली वेळ आणि यूटीसी, म्हणजे विमानांच्या नोंदीत वापरतात ती जागतिक वेळ, दोन्ही लिही. साडेपाच तासांचा घोळ सगळ्यांचा होतो. रेडिओवर कोणती फ्रिक्वेन्सी लावली होती, काय ऐकू आलं, काय बोललास. समोरच्याचं काय चुकलं ते राहू दे, त्याचं तो लिहील.

रात्री त्याने फोटो पाठवला. पहिलीच ओळ होती: "9:40 नंतर मी विंडसॉककडे पाहिलं नव्हतं."

बाबांना वाचून दाखवलं. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "या ओळीवरून पोराला कुणी बोलणार तर नाही ना?"

उद्या सकाळी मी त्याच्या इन्स्ट्रक्टरना फोन करणार आहे.