मी न वाचलेलं पत्र

परवा रात्री पुन्हा त्याच प्रश्नापाशी येऊन थांबले. अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएच.डी.चा अर्ज भरताना शिफारस करणाऱ्या तिघांची नावं द्यावी लागतात. प्रत्येक नावाखाली विचारलेलं असतं, तुमच्याबद्दल लिहिलेलं पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? उत्तर दिल्याशिवाय पत्र अपलोड करायची लिंक त्यांच्याकडे जात नाही. गेल्या वर्षी अकरा विद्यापीठांसाठी मी ‘सोडते’ म्हटलं. यंदा नऊ आहेत. इथल्या दोघांच्या नावाखाली मी पटकन टिक करते, भारतातल्या माझ्या प्राध्यापक मॅडमच्या नावाखाली मात्र दर वेळी हात थबकतो.

हा हक्क इथे कायद्यानं मिळालेला आहे. १९७४ चा ‘फर्पा’ नावाचा कायदा विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक कागदपत्रं बघू देतो. प्रवेश मिळून तुम्ही तिथे शिकायला लागलात की फाइलमधलं शिफारसपत्रही मागून वाचता येतं, हक्क सोडलेला नसेल तर. पण जवळजवळ सगळे तो सोडतात. न सोडणाऱ्याच्या पत्राला फारसं वजन राहत नाही, कारण उमेदवार हे वाचणार हे धरूनच ते लिहिलेलं असणार, असा प्रवेश समितीचा समज होतो.

आपल्याकडे शिफारसपत्र कसं मिळतं हे बाहेर अर्ज केलेल्या कुणाला सांगायला नको. ‘तू लिहून आण, मी सही करते.’ मग ऑफिसातून लेटरहेड घ्यायचं, शिक्का मारून घ्यायचा, पाकीट बंद करून चिकटवलेल्या जागेवर आडवी सही घ्यायची. मी इथे मास्टर्सला आले तेव्हा तिन्ही पत्रं अशीच तयार झाली होती. माझ्याबरोबर अर्ज केलेल्या सगळ्यांचीच तशी झाली होती. त्यात काही गैर आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, मी ज्या लॅबमध्ये काम करते तिथल्या प्रोफेसरबाई माझ्या अर्जांची यादी बघत होत्या. भारतातल्या प्राध्यापकांचं पत्र तयार आहे का, असं त्यांनी विचारलं. मी खुशीत सांगितलं, हो, मसुदा मीच लिहिलाय, मॅडम सही करून अपलोड करतील. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, ‘मग ते त्यांचं पत्र नाही. ते तुझंच दुसरं निवेदन आहे आणि खाली सही दुसऱ्याची आहे.’ अर्जाच्या शेवटी सगळी माहिती खरी आहे असं आपण लिहून देतो, त्याचीही आठवण करून दिली.

मला फार लागलं. स्वतःपेक्षा मॅडमसाठी जास्त. ज्या बाईंनी मला केस हिस्टरी घ्यायला शिकवलं, समोरचा रडायला लागला की पाण्याचा ग्लास पुढे करण्याआधी दोन क्षण थांब, हे शिकवलं, त्यांच्याकडून काहीतरी खोटं होतंय असं कुणी सुचवावं? इथल्या प्रोफेसरांकडे चार-पाच पीएच.डी.चे विद्यार्थी असतात, वर्गाच्या कामात मदतीला विद्यार्थी-साहाय्यक (टीए) असतो. मॅडमकडे बी.ए.च्या तीन वर्षांचे वर्ग, वर एम.ए.चे दोन, परीक्षा विभागाचं काम, कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, म्हणजे नॅकच्या फाइली, आणि पत्र मागायला येणारी पंधरा-वीस मुलं. ‘लिहून आण’ हा आळस नव्हता. नाही म्हणायचं नाही म्हणून शोधलेली ती वाट होती. हे मी त्या दिवशी प्रोफेसरबाईंना बोलले नाही, इथे बोलून घेते.

आणि पत्रावर इतकं काय अडतं, असंही वाटत होतं. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर रीहॅबिलिटेशन कौन्सिल या सरकारी परिषदेनं मान्य केलेला दोन वर्षांचा एम.फिल. हा इतकी वर्षं राजमार्ग होता. मानसिक आरोग्यासाठी नावाजलेल्या बंगळूरच्या निम्हान्ससारख्या ठिकाणीही लेखी प्रवेशपरीक्षा असते. तिथे कोण तुम्हाला ओळखतं यापेक्षा तुम्हाला काय येतं ते आधी बघतात, आणि याचा मला अजून अभिमान आहे. मग तिकडेच का नाही थांबलीस, असं बरेच जण विचारतात. जागा मोजक्या होत्या. त्यात २०२० च्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद करायचं ठरलं. पुढे क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली, पण मी निर्णय घेतला तेव्हा पुढचं काहीच दिसत नव्हतं. मी पळून आले असं कुणाला वाटत असेल तर ते खरं नाही.

रागाच्या भरात त्या रात्री मसुदा पुन्हा उघडला. मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक. पहिल्याच परिच्छेदात ही तीन विशेषणं. पुढे गुण, प्रबंधाचा विषय, सेमिनारांची नावं. हे सगळं माझ्या बायोडेटात होतंच. आठवीपासून निबंधात जसं लिहायचो तसंच मी स्वतःबद्दल लिहिलं होतं. ‘आज्ञाधारक’ हा शब्द तर इथे उलटाच पडला असता, कारण इथे स्वतःचा प्रश्न घेऊन येणारा संशोधक हवा असतो. मॅडमनाच माहीत असेल असं त्या पानावर एकही वाक्य नव्हतं.

इथल्या क्लिनिकल पीएच.डी.त बहुतेक ठिकाणी तुम्हाला आधी एका प्रोफेसरनं पसंत करावं लागतं, कारण पुढची पाच-सहा वर्षं त्यांच्या लॅबमध्ये काढायची असतात. काही प्रोफेसर वेबसाइटवर स्पष्ट लिहितात की यंदा मी विद्यार्थी घेणार नाही. मग तिथे अर्ज करण्यात अर्थच नसतो. नावाजलेल्या ठिकाणी शेकड्यांनी अर्ज येतात आणि घेतात दहाच्या आतबाहेर. बहुतेक पीएच.डी.ना फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं, म्हणून तिथे एवढी झुंबड. साय.डी. नावाची दुसरी पदवी आहे, तिचा भर संशोधनापेक्षा प्रत्यक्ष कामावर असतो, पण तिथे बहुतांशी पैसे पदरचे घालावे लागतात. आणि क्लिनिकलचा विद्यार्थी लवकरच खऱ्या पेशंटसमोर बसणार असतो. परीक्षेतले गुण त्याबद्दल फार थोडं सांगतात. म्हणून ज्यानं तुम्हाला काम करताना पाहिलंय त्याचा शब्द त्यांना हवा असतो. अर्ज कशामुळे बाद होतो, हे प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना विचारून २००६ मध्ये एक लेख प्रसिद्ध झाला होता. प्रोफेसरबाईंनी तो मला वाचायला दिला. त्यातल्या कारणांमध्ये घात करणारी शिफारसपत्रंही आहेत.

एका बाबतीत मात्र मी इथल्या व्यवस्थेला मनापासून दाद देते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला स्वतःचे आकडे वेबसाइटवर जाहीर करावे लागतात. किती विद्यार्थी घेतले, किती वर्षांत बाहेर पडले, किती जणांनी मध्येच सोडलं, खर्च किती, इंटर्नशिप किती जणांना मिळाली. ‘किती जणांनी सोडलं’ हा रकाना आपल्याकडच्या एखाद्या विभागानं भिंतीवर लावलेला मला बघायचाय.

तर, मॅडमना फोन केला.

‘अगं, तुला काय हवंय ते तुलाच जास्त माहीत. तू लिहून पाठव ना.’

‘मॅडम, या वेळी तुम्हीच लिहाल का? आणि मला ते वाचायचंसुद्धा नाहीये. वाचायचा हक्क मी सोडलाय.’

पलीकडे शांतता. त्यांना वाईट वाटलं असावं. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी काहीही लिहिलं तरी तुला कळणार नाही?’ मी हो म्हटलं. ‘बरं. मग एम.ए.ला तू काय काय केलंस ते एका पानावर लिहून दे. वर्षं झाली आता.’ एवढं चालतं, हे मी आधी विचारून घेतलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी साडेनऊला, म्हणजे त्यांच्या रात्री नऊला, त्यांचा फोन आला. पोर्टलवर पत्राबरोबर एक तक्ता भरायचा असतो. हा विद्यार्थी पहिल्या एक-दोन टक्क्यांत, पहिल्या पाचांत, पहिल्या दहांत की पंचविसांत?

‘तुमच्या वर्गात चाळीस जण होते. एक टक्का म्हणजे अर्धासुद्धा विद्यार्थी होत नाही गं. आणि तू तिसरी आली होतीस. मग पहिल्या दहा टक्क्यांतच धरायला हवं ना?’

इथे तो तक्ता कसा भरतात हे मला ठाऊक होतं. इथे बहुतेक जण आपल्या विद्यार्थ्याला अगदी वरच्याच रकान्यात बसवतात. पहिल्या दहांत म्हटलं की वाचणाऱ्याला ते कमीच वाटतं. हे मॅडमना सांगावं का? सांगितलं असतं तर मसुदा मीच लिहिण्यापेक्षा ते वेगळं काय झालं असतं? मी म्हटलं, ‘तुम्हाला बरोबर वाटेल तिथे टिक करा.’ फोन ठेवल्यावर बराच वेळ मी तशीच बसून होते. अकरा पोर्टलं, अकरा पासवर्ड, अकरा तक्ते. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असताना मॅडमनी ते सगळे मुदतीच्या आत भरले.

फेब्रुवारीत एका मुलाखतीत एका प्रोफेसरांनी विचारलं, ‘तुमच्या प्राध्यापकांनी लिहिलंय की ओपीडीची वेळ संपल्यावरही तुम्ही एका पेशंटच्या आईबरोबर औषधांच्या रांगेत उभ्या राहायचात. त्याबद्दल सांगाल?’

माझ्या पानावर यातलं काही नव्हतं. मी विसरूनही गेले होते. सरकारी रुग्णालयातली आमची प्रॅक्टिकल्स. मुलाला स्किझोफ्रेनिया, आई दोन एसट्या बदलून यायची. तिला वाचता येत नव्हतं, कुठली खिडकी केसपेपरची आणि कुठली औषधांची हे कळायचं नाही. मुलगा एका जागी बसायचा नाही. ती मुलाला धरायची, मी केसपेपर धरून रांगेत. तीन-चार गुरुवार असं झालं असेल. मॅडमनी ते पाहिलं होतं हेच मला माहीत नव्हतं.

ते सर पुढे म्हणाले, ‘हे तुमच्या भूमिकेत बसत होतं का?’

इथे भूमिकेची हद्द फार जपतात, आणि त्यामागची कारणं मला पटतात. थेरपिस्ट पेशंटचा नातेवाईक होऊन बसला तर नुकसान पेशंटचंच होतं. पण ती बाई माझी पेशंट नव्हती आणि औषधं न घेता परत गेली असती तर पुढच्या महिन्यात मुलगा वॉर्डात आला असता. मी तेच बोलले. घसा कोरडा पडला होता, पण बोलले. आमच्याकडे उपचार त्या रांगेतही चालू असतात, असं म्हटलं. सरांनी काहीतरी टिपून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

दोन मुलाखती झाल्या, एका ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव होतं. पंधरा एप्रिल ही इथली उत्तर द्यायची शेवटची तारीख. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मेल बघत बसले. काही आलं नाही. मॅडमच्या पत्रातलं ते रांगेचं वाक्य मला नडलं की त्याच वाक्यामुळे मी यादीत होते, हे कळायला मार्ग नाही. मी स्वतः लिहिलं असतं तर ते घातलं नसतं, एवढं नक्की. घालण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नसतं.

यंदा प्रोफेसरबाई म्हणाल्या, भारतातलं पत्र बदलून तिन्ही इथलीच घेऊ या का? इथली पद्धत माहीत असणाऱ्यांची? सल्ला चांगल्यासाठीच होता. मी एक रात्र विचार केला आणि नको म्हटलं. इथल्या कुणीही मला पेशंटबरोबर पाहिलेलं नाही. त्यांनी पाहिलंय ते माझं डेटा साफ करणं.

मॅडम मे महिन्यात निवृत्त झाल्या. कॉलेजचा ईमेल बंद झाला आणि काही पोर्टलं जीमेलचा पत्ता दिला की शंका काढतात, हा माणूस खरंच प्राध्यापक आहे का म्हणून. त्या दोन वेळा कॉलेजात जाऊन ऑफिसमधून निवृत्तीचं पत्र घेऊन आल्या, स्कॅन करून पाठवलं. मी सॉरी म्हटलं तर म्हणाल्या, ‘सॉरी काय त्यात, चालणं होतं माझं.’

परवा नऊ वेळा ‘सोडते’ म्हटलं आणि लिंका गेल्या. सकाळी उठले तर त्यांचा मेसेज आलेला होता : ‘नऊ आल्या. गेल्या वर्षी अकरा होत्या ना? दोन राहिल्या असतील तर बघ. माझं पत्र लिहून झालंय.’