धूळ न उडवणारी गाडी

इटलीतल्या टस्कनीत, सिएना शहराजवळचं आशानो गाव मागे पडलं की उत्तरेला तोर्रे आ कास्तेल्लोच्या दिशेने एक कच्चा रस्ता निघतो. साडेअकरा किलोमीटर, पांढऱ्या खडीचा. नाव मोंते सांते मारीए. दर मार्चमध्ये सिएनाला संपणारी ‘स्त्रादे बियांके’ ही सायकल शर्यत जे बघतात, त्यांना हे नाव नवीन नाही. स्विस सायकलपटू फाबियान कान्चेलारा ती शर्यत २००८, २०१२ आणि २०१६ अशी तीनदा जिंकला, म्हणून या टप्प्याला त्याचं नाव दिलंय. २०२४ मध्ये स्लोव्हेनियाचा सायकलपटू तादेय पोगाचारने शर्यतीचे ८१ किलोमीटर बाकी असताना इथूनच मुसंडी मारली आणि मग तो शेवटपर्यंत कुणाच्या हाती लागला नाही. मी आणि ताई टस्कनीत ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या रस्त्यासाठीची जाड टायरांची सायकल, घेऊन हिंडत होतो ते मुख्यतः या रस्त्यासाठी. बाकीचा सगळा बेत त्याच्या आजूबाजूला रचलेला.

लिहायचं आहे ते मात्र शर्यतीबद्दल नाही, एका म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल.

खडीच्या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला गाडीचा आवाज फार लांबून ओळखू येतो. डांबरी रस्त्यावर फक्त इंजिन ऐकू येतं, इथे टायरखाली खडी चिरडल्याचा आवाज आधी येतो. आला की आम्ही कडेला थांबायचो, तोंड फिरवायचो, श्वास रोखायचो. गाडी जायची आणि मागे पांढऱ्या फुफाट्याचा एक ढग सोडून जायची. वारा नसेल तर तो ढग तिथेच लटकून राहतो. दात करकरतात, बाटलीचं तोंड माखतं, साखळीवरच्या तेलात ती पूड बसली की तिची खळ होते. याबद्दल कुणावर राग धरण्यात अर्थ नाही. रस्ता त्यांचा आहे, कामाला निघालेली माणसं आहेत. पण भाड्याच्या चकचकीत गाड्यांतून आलेले प्रवासी सुसाट निघून जायचे, तेव्हा मी मनापासून चिडायचो. त्यांना कुठेच पोचायची घाई नव्हती.

मोंते सांते मारीएचा सगळ्यात खडा चढ लागला तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. ताई पुढे, मी मागे. अशा चढावर उभं राहून पॅडल मारता येत नाही. बुड सीटवरून उचललं की मागच्या चाकावरचा भार जातो, चाक जागच्या जागी फिरतं आणि माणूस थांबतो. बसूनच चढायचं, सगळ्यात हलक्या गिअरवर, हँडल घट्ट न धरता. आणि एकदा पाय टेकला की पुन्हा सुरुवात करणं महाकठीण. नेमक्या त्या वेळी मागून खडी चिरडल्याचा आवाज आला.

मी हात हलवून पुढे जायची खूण केली. गाडी आली नाही. पुन्हा खूण केली. मान वळवून पाहिलं तर एक जुनी, लहानशी गाडी आमच्या मागे वीसेक मीटर अंतर ठेवून, पायी चालणाऱ्याच्या वेगाने येत होती. चालवणारे गृहस्थ सत्तरीपुढचे असावेत. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून वरच्या दिशेने दोनदा हलवला. चला, चला, तुम्ही चढा.

तो अख्खा चढ त्यांनी आमच्या मागे पहिल्या गिअरमध्ये काढला. हॉर्न नाही, इंजिनचा फुकाचा आवाज नाही. आमच्या वेगाने गाडी चालवणं म्हणजे क्लचवर पाय ठेवून बसणं, आणि त्या चढावर ते सोपं नाही. मला दोनदा वाटलं की आता उतरावं, त्यांना जाऊ द्यावं. पण कुणी आपल्यासाठी एवढं थांबलंय म्हटल्यावर उतरवेना. ताई तर मागे वळूनही न बघता चढत होती.

माथ्यावर रस्ता जरा रुंद होता. आम्ही कडेला झालो. गाडी शेजारी आली, त्यांनी काच पूर्ण खाली केली, ताईकडे बघून “ब्रावा!” म्हणाले, मला हात केला आणि पुढे निघाले. तेसुद्धा तशाच मंद वेगाने, जेणेकरून आमच्यावर धूळ येऊ नये. आणि पुढे फार तर दोनशे मीटरवर, सुरूच्या झाडांची एक रांग होती तिथे वळून एका शेतघराच्या अंगणात शिरले.

म्हणजे घर समोर दिसत असताना हा माणूस आमच्यासाठी तेवढा वेळ मागे थांबला होता.

ताई खाली बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “अरे, यांना धूळ म्हणजे काय ते माहीत आहे. रोज खातात.” त्या घराकडे नीट पाहिलं तेव्हा कळलं. रस्त्याच्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांची दारं बंद. वाळत घातलेले कपडे घराच्या पलीकडच्या बाजूला. कुंपणाशी असलेल्या ऑलिव्हची रस्त्याकडची पानं पांढुरकी, आतली हिरवी.

हे रस्ते अजून कच्चे का आहेत, यामागे एक मोठी गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या शेवटी सिएनाच्या आसपासच्या पांढऱ्या रस्त्यांवर एकेक करून डांबर चढत होतं. जानकार्लो ब्रोची यांनी १९९७ मध्ये गायोले इन किआंती गावातून ‘एरोइका’ नावाची जुन्या सायकलींची फेरी सुरू केली, ती हे रस्ते वाचवायला. पहिल्या वर्षी ९२ सायकलस्वार आले. पुढे तिला इतकं नाव झालं की २००७ मध्ये त्यातूनच सुरुवातीला सांगितलेली व्यावसायिक शर्यत निघाली, आणि आज २०९ किलोमीटरचा एरोइकाचा मार्ग वर्षभर कुणालाही चालवता येतो. जागोजागी पाट्या आहेत, नकाशा फारसा काढावा लागत नाही. या सगळ्याबद्दल मला ब्रोचींविषयी फार आदर आहे. पण त्या अंगणाकडे बघताना वाटलं, रस्ता कच्चा राहिला त्याची खरी किंमत तिथे बंद खिडक्यांच्या आत राहणारे लोक मोजतात. आम्ही धूळ धुऊन जातो, ते धूळ झाडत राहतात. आणि तरी चढाला मागे थांबतात.

त्या दिवसाचं उरलेलं अंतर मला धड आठवत नाही. मोंतापेर्ती, म्हणजे १२६० साली सिएनाने फिरेंझेला (फ्लॉरेन्सला) हरवलं ती रणभूमी, जवळून गेली. ले तोल्फेचा १८ टक्क्यांचा चढ आम्ही ढकलत पार केला.

आता थोडं सायकलीबद्दल, कारण याने आमचे दोन दिवस वाया घालवले. भाड्याने दिलेल्या ग्रॅव्हल बाइकच्या टायरांत दुकानदाराने दगडासारखी हवा भरून दिली होती. डांबरावर ठीक, पण खडीवर असं टायर प्रत्येक दाण्यावरून उडतं. चाळीस मिलिमीटर रुंदीच्या, आत ट्यूब नसलेल्या (ट्यूबलेस) टायरला माझ्यासारख्या सत्तर किलोच्या माणसासाठी तीस-पस्तीस पीएसआय (दाबाचं माप) हवा पुरते. तेवढी केल्यावर तीच सायकल रस्त्याला चिकटून चालायला लागली. दुकानात हे सांगून दिलं पाहिजे. त्यांच्यासाठी एका मिनिटाचं काम आहे.

उतारांवरच्या आडव्या वळ्यांवर मात्र हवा कमी करूनही इलाज नाही. वेगातलं चाक एखाद्या छोट्या उंचवट्यावरून उडतं, आपटतं तिथली खडी पुढे ढकलतं, मागून येणाऱ्या गाडीचं चाक तेच करतं, आणि बघता बघता रस्ता पत्र्याच्या छपरासारखा होतो. गाड्या जिथे ब्रेक मारतात तिथे, म्हणजे वळणाच्या अलीकडे, या वळ्या सगळ्यात खोल. ब्रेक वळ्या लागण्याआधीच मारून घ्यायचा आणि कोपरे सैल सोडून त्यावरून जायचं.

आशानोच्या भोवतालचा हा मुलूख क्रेते सेनेसी, चिकणमातीचा. २५ ते ४५ लाख वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाचा गाळ म्हणजे ही करडी माती. झाडं विरळ, सावली जवळपास नाहीच. मेच्या शेवटी गहू पिवळा पडायला लागला होता आणि अकरानंतर ऊन सोसवत नव्हतं. पाण्याचा नळ गावातच भेटतो. पाऊस पडला तर शेतवाटांवर सायकल घालू नका, ती माती चाक आणि फ्रेमच्या मध्ये भरते आणि चाक फिरायचं थांबतं. १३१३ साली स्थापन झालेला मोंते ओलिवेतो माज्जोरेचा मठ इथेच आहे. अंगणाभोवतीची सिन्योरेल्ली आणि सोदोमा यांची भित्तिचित्रं बघायला थकलेल्या पायांनी जाऊ नये, बघायला वेळ द्यावा लागतो.

सिएनात आम्ही एक संध्याकाळ काढली. व्हिया सान्ता कातेरीना या गल्लीतला शर्यतीचा १६ टक्क्यांचा शेवटचा चढ सायकल हातात धरूनच केला, कारण माणसांच्या गर्दीतून चाक पुढे सरकत नव्हतं. पियात्सा देल काम्पो हा तिथला मोठा चौक सुंदर आहे. मला तिथे थांबवेना.

ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी सिएना सोडा, आशानोला जा, सकाळी सातला निघा आणि मोंते सांते मारीए आशानोकडूनच चढा. घरांजवळून जाताना उतारावर असलात तरी वेग कमी करा.

ताई आता १९८७ च्या आधी बनलेली सायकल शोधते आहे, गिअरच्या कळा फ्रेमच्या खालच्या नळीवर असलेली. ऑक्टोबरमधल्या एरोइकाला तशीच लागते.