तुम्ही विचारलंत म्हणून: शेल्फवरचा करडा घोडा

व्हिडिओ कॉल लागला की पहिल्या पाच मिनिटांत विषय निघतोच. माझ्या मागच्या शेल्फवर पुस्तकांच्या रांगेपुढे एक कापडी घोडा उभा असतो. करडा, कपाळावर पांढरट, पाठीवर नंबर लिहिलेलं छोटं कापड. मावशीने विचारलं, कॉलेजच्या मित्रांनी विचारलं, इथे नागोयात गणपतीला घरी आलेल्या मंडळींनीही विचारलं. "हा कुठला घोडा?" आणि लगेच, आवाज जरा खाली आणून, "तुम्ही रेस खेळता का?"

त्या दुसऱ्या प्रश्नामागची काळजी मला कळते. मी हिंगोलीकडचा. आमच्या घरात 'रेस' हा शब्द 'जुगार' आणि 'कर्ज' यांच्या शेजारी बसणारा. त्याचं उत्तर देतो, पण शेवटी. आधी घोडा.

त्याचं नाव ओगुरी कॅप. जन्म 27 मार्च 1985, होक्काइदो बेटावर मित्सुइशी इथे. ओगुरी हे मालकाचं आडनाव आणि बापाचं नाव डान्सिंग कॅप, त्यावरून ओगुरी कॅप. आई व्हाइट नारुबी. जन्मला तेव्हा उजवा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. रेसच्या घोड्याला हे व्यंग म्हणजे बहुतेक वेळा तिथेच सगळं संपलं. फार्मवरच्या माणसांनी हळूहळू खूर तासत पाय सरळ आणला. त्याला हाक मारायचं नाव ठेवलं 'हात्सुरात्सु', म्हणजे चैतन्याने भरलेला. निदान नावाने तरी पोराला जोर यावा म्हणून. आईला त्याला पाजायला आवडत नसे, म्हणून शिंगरू हडकुळं राहिलं आणि समोर येईल ते रानगवत खाऊ लागलं. पुढे त्याच्या भुकेची चर्चा सगळ्या जपानभर झाली. दमून आल्यावरही तो खाण्यावरची मान वर करत नसे.

आता इथली पद्धत सांगावी लागेल, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. जपानमध्ये घोड्यांच्या शर्यतींचे दोन थर आहेत. एक मध्यवर्ती संस्थेचा: तोक्यो, नाकायामा, क्योतो, हान्शिन अशी दहा मोठी रेसकोर्सं, हिरवळीचा ट्रॅक, मोठी बक्षिसं. दुसरा स्थानिक: वेगवेगळ्या प्रांतांतली आणि शहरांतली रेसकोर्सं, बहुतेक मातीचा ट्रॅक, बेताची बक्षिसं. ओगुरी कॅप या दुसऱ्या थरात सुरू झाला, गिफू प्रांतातल्या कासामात्सुला.

कासामात्सु माझ्या घरापासून फार लांब नाही. नागोयाहून मेइतेत्सुच्या गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास, मग थोडं चालायचं. किसो नदीच्या काठावरचं रेसकोर्स, एक फेरी 1,100 मीटरची. पहिल्यांदा गेलो तेव्हा कठड्याला टेकलो आणि बघतच राहिलो. ट्रॅकच्या आतल्या मोकळ्या जागेत हिरवळ किंवा कारंजं असेल असं वाटलं होतं. तिथे शेतं होती. वाफे, सरी, एका बाजूला खताच्या गोण्या. पिवळ्या टोपीतला एक म्हातारा वाकून काहीतरी उपटत होता. त्याच्याभोवती दहा घोडे जीव खाऊन पळत गेले, माती उडाली, लाउडस्पीकरवर माणूस ओरडत होता. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. मिसोत शिजणाऱ्या कसल्यातरी रश्शाचा वास सगळीकडे पसरलेला. मला थेट आमच्याकडच्या जत्रेतला शंकरपट आठवला.

अशा ठिकाणी 19 मे 1987 रोजी ओगुरी कॅप पहिल्यांदा धावला. 800 मीटरची रेस. दुसरा आला. मार्च तोशो नावाच्या घोड्याने त्याला हरवलं. पुढे आणखी एकदा तो हरला, तोही त्याच मार्च तोशोकडून. कासामात्सुच्या 12 रेसपैकी 10 त्याने जिंकल्या आणि उरलेल्या दोन्हींत दुसरा आला. शेवटच्या रेसमध्ये वर होता कात्सुमी आंदो, तिथला नामांकित जॉकी. ओगुरी धावताना मान इतकी खाली घालायचा की लांबून वाटावं, जमिनीला नाक लावून काहीतरी हुंगत चाललाय.

मालकांकडे मध्यवर्ती संस्थेचा परवाना नव्हता. घोड्याची मजल मोठी आहे हे दिसत होतं, म्हणून 1988 च्या सुरुवातीला 2 कोटी येनला त्यांनी तो विकला आणि घोडा मध्यवर्ती संस्थेच्या रित्तो इथल्या पागेत गेला. तिथे गेल्या गेल्या त्याने मानाच्या सहा रेस ओळीने जिंकल्या. कासामात्सुच्या शेवटच्या आठ धरल्या तर सलग 14 विजय.

इथपर्यंत सांगितलं की पाहुणे विचारतात, "म्हणजे डर्बी जिंकली असेल!"

नाही. त्याला डर्बीत उतरूच दिलं नाही.

तीन वर्षांच्या घोड्यांच्या क्लासिक रेसना, म्हणजे सात्सुकी शो, डर्बी आणि किक्का शो यांना, नोंदणी आदल्या वर्षीच करावी लागत असे. त्या वेळी ओगुरी कासामात्सुच्या मातीत पळत होता. स्थानिक रेसकोर्सवरच्या घोड्याची क्लासिकला नोंदणी करावी असं कुणाच्या मनातही आलं नसणार. आणि तारीख उलटल्यावर नाव घालायची सोयच नियमात नव्हती. मार्चमध्ये माइनिची हाई ही रेस त्याने जिंकली, तेव्हा त्यात चौथा आलेला घोडा होता याएनो मुतेकी. तोच याएनो मुतेकी पुढच्या महिन्यात सात्सुकी शो जिंकून गेला. चौथा आलेला गळ्यात मान घेऊन उभा, आणि पहिला आलेला पागेत. पुढे जूनमध्ये न्यूझीलंड ट्रॉफी त्याने घोड्याच्या सात लांबींनी जिंकली. 1,600 मीटरला वेळ लागली 1 मिनिट 34 सेकंद. त्याच अंतराच्या यासुदा किनेनमध्ये त्या वर्षी मोठमोठे घोडे धावले होते, आणि त्या रेसच्या विजेत्यापेक्षा ही वेळ कमी होती.

हा भाग सांगताना माझा आवाज बदलतो, असं बायको म्हणते. बदलत असेल. बारावीनंतर एका प्रवेश परीक्षेचा फॉर्म मला भरायचा होता. जाहिरातीचं पान आमच्या गावात माझ्या हाती पडलं, तेव्हा शेवटची तारीख जाऊन चार दिवस झाले होते. वडील मला घेऊन एसटीने त्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसाने फॉर्मकडे बघितलंही नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. मार्कांचा प्रश्नच आला नाही. वडील परतीच्या प्रवासात एवढंच म्हणाले, "आपल्याला कळलंच उशिरा." ओगुरीची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती खिडकी दिसली.

लोक चिडले होते, वर्तमानपत्रांतून लिहून येत होतं, पण नियम त्या वर्षी हलला नाही. हलला तो 1992 साली. जास्तीचे 20 लाख येन भरून उशिरा नाव घालायची सोय झाली. ओगुरीला तिचा काही उपयोग नव्हता, तो केव्हाच निवृत्त झाला होता. पण 1999 मध्ये टी. एम. ऑपेरा ओ याच सोयीने आत आला आणि सात्सुकी शो जिंकला. 2015 मध्ये कितासान ब्लॅकने तसंच नाव घालून किक्का शो जिंकली. त्या दोघांची नावं ऐकली की मला ओगुरीच आठवतो.

क्लासिकचं दार बंद, म्हणून तो शरद ऋतूत थेट मोठ्यांच्या रेसमध्ये गेला. तेन्नो शोमध्ये, म्हणजे सम्राटाच्या नावाच्या रेसमध्ये, तामामो क्रॉसने त्याला मागे टाकलं. तोही करडाच. जपान कपमध्ये तामामो क्रॉस दुसरा, हा तिसरा. आणि वर्षाअखेर नाकायामाच्या आरिमा किनेन या रेसला जॉकी युकिओ ओकाबेने त्याला तामामो क्रॉसच्या पुढे काढलं. तामामो क्रॉसची ती शेवटची रेस. दोन करडे घोडे एकामागोमाग रेषेवरून जातानाचं ते चित्रण मी किती वेळा पाहिलं असेल, सांगता येणार नाही.

1989 च्या शरदाबद्दल मात्र मला राग आहे, आणि तो लपवत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत या घोड्याला सहा रेसमध्ये उतरवलं. 19 नोव्हेंबरला क्योतोमध्ये माइल चॅम्पियनशिप, आणि पुढच्याच रविवारी, 26 नोव्हेंबरला तोक्योत 2,400 मीटरचा जपान कप. घोड्याला पैशांसाठी पिळताय, असं तेव्हाही लोक बोलले, आणि ते बरोबर बोलले. माइल चॅम्पियनशिपमध्ये तो शेवटपर्यंत मागे दिसत होता आणि रेषेवर नाकभर पुढे निघाला. जॉकी कात्सुमी मिनाई मुलाखत देताना रडला. आठवड्याने जपान कपमध्ये न्यूझीलंडची घोडी हॉर्लिक्स पुढे आणि हा तिच्या मानेशी. दोघांची वेळ एकच लागली, 2 मिनिटं 22.2 सेकंद, त्या अंतराचा तेव्हाचा जागतिक विक्रम. तो मानेच्या अंतराने हरला. सात दिवसांत दोनदा जीव ओतलेला घोडा असा हरतो, तेव्हा मला टाळी वाजवता येत नाही. माझा हात त्याच्या मानेवरून फिरवावासा वाटतो. पुढच्या महिन्यात आरिमा किनेनला तो पाचवा आला.

1990 च्या मे महिन्यात जॉकी युताका ताकेने त्याला यासुदा किनेन जिंकून दिली, तीही विक्रमी वेळेत. पण शरद आला आणि घोडा ओसरला. तेन्नो शोमध्ये सहावा. जपान कपमध्ये अकरावा. आता याला सोडा, घरी जाऊ द्या, अशी पत्रं लोकांनी लिहिली. तरी आरिमा किनेनसाठी चाहत्यांचं मतदान झालं, तेव्हा सर्वांत जास्त मतं त्यालाच. या रेसमध्ये कोण उतरणार हे मुख्यतः लोकांच्या मतांवर ठरतं. म्हणजे तो जिंकणार नाही असं मानणाऱ्यांनीही त्याला एकदा बघायचं म्हणून मत दिलं होतं. पैसे लावणाऱ्यांच्या लेखी तो चौथ्या क्रमांकावर होता.

23 डिसेंबर 1990. नाकायामाला 1,77,779 माणसं आली. त्यांतल्या एक आमच्या ऑफिसातल्या ज्येष्ठ बाई. तेव्हा त्या विशीत होत्या. ओगुरीमुळे तरुण मुली पहिल्यांदा रेसकोर्सवर येऊ लागल्या होत्या, त्यांना 'ओगुरी-ग्यारु' म्हणत. बाई सांगतात, "मला घोडा दिसलाच नाही. पुढे कोट आणि टोप्या. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते, इतकी गर्दी." रेस संथ चालली होती. मग शेवटच्या वळणावर पुढून एक आवाज आला, तो मागे मागे सरकत त्यांच्यापर्यंत पोहोचला. शेजारचा अनोळखी माणूस ओरडू लागला, तेव्हा त्यांना कळलं की ओगुरी पुढे आलाय. मेजिरो रायन मागून येत होता, पण पोहोचला नाही. एकवीस वर्षांच्या युताका ताकेने हात वर केला, आणि पावणेदोन लाख माणसं एका लयीत ओरडू लागली: ओगुरी, ओगुरी, ओगुरी. बाईंनी हे मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. सांगताना टेबलावर बोटाने ठेका धरला होता. त्यांच्या लक्षात नव्हतं.

ती त्याची शेवटची रेस. एकूण 32 रेस, 22 विजय.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण त्यांत सांगण्यासारखं कमी आहे. बीजाश्व, म्हणजे पैदाशीचा घोडा, म्हणून त्याचं मोल 180 कोटी येन ठरलं, पण त्याच्या मुलांत त्याच्यासारखा एकही निघाला नाही. सावत्र बहीण ओगुरी रोमन मात्र कासामात्सुहूनच वर आली आणि 1994 मध्ये ओका शो ही घोडींची क्लासिक जिंकली. त्या घरात क्लासिक आली ती अशी. ओगुरी 3 जुलै 2010 रोजी गेला. होक्काइदोत निइकाप्पुला कुरणात असताना मागचा उजवा पाय मोडला, आणि वाचवता आलं नाही. पंचवीस वर्षांचा होता.

शेल्फवरचा कापडी घोडा त्या बाईंचा. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी टेबल आवरलं, डबे वाटले, रोपं वाटली, आणि हा माझ्यासमोर आणून ठेवला. एक कान थोडा झिजलाय. "तुम्ही कासामात्सुला जाता ना," म्हणाल्या, "मग तुमच्याकडे राहू दे."

आता दुसरा प्रश्न. हो, मी तिकीट घेतो. वर्षातून दोन-तीनदा कासामात्सुला जातो, दारातल्या ओगुरीच्या पुतळ्याशी थांबतो, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पळणारा एखादा घोडा असेल तर त्याच्यावर शंभर येन लावतो. एकच तिकीट. वडिलांना फोनवर हे सांगितलंय. ते म्हणाले, "शंभर येन म्हणजे किती रे?" मी सांगितलं. मग म्हणाले, "बरं. कुठली घोडी आहे ती?"

गेल्या वेळची तपकिरी होती, कपाळावर चांदणी, पागेतून आणताना पोऱ्याच्या खांद्याला सारखी नाक घासत होती. सातवी आली. ट्रॅकच्या आत कांद्याची पात काढायचं काम चालू होतं.