मेमरी थंड, कार्ड गरम

ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०८०, म्हणजे २०२०च्या पिढीतलं. गिऱ्हाईक धायरीचा एक पोरगा, लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारा. रेंडर लावला की पंखे बोंबलतात आणि वेग पडतो, ही तक्रार. "दादा, पॅड-पेस्ट नुकतीच बदललीय, बिल आहे." पॅड आणि पेस्ट म्हणजे चिपांची उष्णता हीटसिंकपर्यंत, त्या थंड करणाऱ्या धातूच्या ठोकळ्यापर्यंत, पोचवणारे थर. बिलावर पॅडच्या उष्णतावहनाचा आकडा ठळक लिहिलेला. पुण्यात आकडा दाखवला की निम्मा सौदा तिथेच होतो.

खोलण्याआधी लोडवर टाकलं. मेमरी ८४ अंश. ही जीडीडीआर६एक्स मेमरी ११०च्या आसपास गेली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं, आणि कंपनीच्या पॅडांवर शंभरी ओलांडलेली कार्डं माझ्या टेबलावर नेहमी येतात. तेव्हा ८४ म्हणजे चैन. पण जीपीयू, म्हणजे कार्डाची मुख्य चिप, ८३ आणि हॉटस्पॉट, म्हणजे तिच्यावरचा सगळ्यात तापलेला ठिपका, १०६! दोघांत दहा-पंधराचा फरक चालतो. तेवीस म्हटल्यावर हीटसिंक चिपवर टेकलेलाच नसणार.

कार्ड कोमट असतानाच उघडावं. थंड पॅड घट्ट धरून बसतं, आणि ओढाताण केली तर मेमरीची चिपच उखडू शकते. हीटसिंक जरासा उचलून आधी पंख्याच्या वायरी सोडवल्या. आत पाहतो तर चिपवर पेस्ट श्रीखंडासारखी जाड. नीट दाबली गेली असती तर मधोमध जेमतेम पापुद्रा उरतो. मेमरीवर आणि मॉस्फेटवर, म्हणजे वीजपुरवठा सांभाळणाऱ्या भागांवर, सरसकट दोन मिलिमीटरचं पॅड, तेही ताठ. हीटसिंक पॅडांवरच अडकला होता, चिपपर्यंत पोचतच नव्हता.

मोजल्याशिवाय मी पॅड कापत नाही. पोरांच्या खेळण्यातल्या क्लेच्या गोळ्या मेमरीवर, मॉस्फेटवर ठेवल्या, हीटसिंक कसला, परत उघडला आणि चपट्या झालेल्या गोळ्यांना व्हर्निअर लावला. मेमरीवर जेमतेम एक मिलिमीटर जागा, मॉस्फेटवर त्याहून जास्त. मेमरीला थर्मल पुट्टी भरली, कारण ती असेल तेवढ्या फटीत दबते. मॉस्फेटला मऊ पॅड, चिपला नवी पेस्ट, आणि चारही स्प्रिंगचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले. सगळ्यात कंटाळवाणं काम अल्कोहोलने जुनं तेल पुसण्याचं, त्यातच तास जातो. त्याचे पैसे कोणी देत नाही.

जीपीयू ६९, हॉटस्पॉट ८२. मेमरी ९२.

पोरगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मेमरी वाढली की!"

त्याने मोबाईलवर आधीच्या कारागिराचा स्क्रीनशॉट दाखवला: मेमरी १०८वरून ८४. आणि खरं सांगायचं तर त्या माणसाचं काम स्वच्छ होतं. एकही स्क्रू कमी नाही, पॅडं महागातली. मेमरी तापतेय म्हणून गिऱ्हाईक आलं, त्याने मेमरी थंड करून दिली. हॉटस्पॉटची ओळ त्यानेही बघितली नाही आणि गिऱ्हाइकानेही. त्याला नावं ठेवायची की नाही, हे माझं अजून ठरत नाहीये.

९२ला मेमरीला काही होत नाही, हे मी पोराला परत परत सांगितलं. पैसे दिले, पण जाताना विचारलंच, "मेमरीवर तेवढी ती जाड पॅडं परत बसवता येतील का?"

परवा त्याचा फोन आला. रेंडर वेळेत होतोय, पंखे शांत आहेत. मेमरी मात्र ९२च दाखवतेय, म्हणाला.