यादी आमची, फोन नंबरही आमचाच

नाशकात कारखान्यांच्या मेल सर्व्हरसाठी सामाईक ब्लॅकलिस्ट, म्हणजे स्पॅम (नको असलेले जाहिरातीचे मेल) पाठवणाऱ्या मशीनच्या पत्त्यांची यादी, आधी कोणी चालवली, याबद्दल दोन मतं आहेत. एक आमचं आणि दुसरं कॉलेज रोडवरच्या एका कंपनीचं. त्यांच्या माहितीपत्रकावर 'नाशिकमध्ये प्रथमच' असं ठळक छापलेलं असायचं. आम्ही माहितीपत्रक कधी काढलंच नाही, त्यामुळे छापील तेच खरं ठरलं. आता धंद्याला वीस वर्षं उलटून गेलीत, निदान आमची बाजू एकदा लिहून ठेवावी.

आम्ही २००३ साली सुरू केलं. शरणपूर रोडला एक खोली, दोन असेंबल केलेली मशीन, रेड हॅट लिनक्स, त्यावर मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स आणि स्पॅम ओळखणारं स्पॅमअसॅसिन. गिऱ्हाईक म्हणजे सातपूर-अंबडचे टूल रूमवाले, पॅनेलवाले, फोर्जिंगवाले. त्यांचा सर्व्हर बहुतेक स्टोअरमध्ये, ऑइलच्या डब्यांशेजारी. आयएसडीएनची ६४ केबीपीएसची लाइन. कस्टमरचं ड्रॉइंग त्या लाइनीवरून उतरायला आधीच वेळ, त्यात स्पॅमची रांग लागली की मालक आमच्या नावाने शंख करायचे.

बाहेरच्या याद्या होत्याच. पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांची आरबीएल ही पहिली अशी यादी १९९७ ची, अशाच याद्या चालवणारं स्पॅमहाउस १९९८ पासूनचं. समोरच्या मशीनचा आयपी (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) उलटा करायचा, पुढे यादीचं नाव जोडायचं, डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारायचं, १२७.०.०.२ आलं तर दार बंद, असं नावच नाही म्हणालं तर या आत. पोस्टफिक्समध्ये एक ओळ टाकली की झालं. पण त्या याद्यांना जगातले बडे स्पॅमर ठाऊक. आमच्याकडे पडणारा स्पॅम वेगळ्या जातीचा. कोणीतरी महाराष्ट्रातल्या उद्योगांची डिरेक्टरी सीडीवर घालून विकली होती. ती घेतलेले आयएसओ सर्टिफिकेटवाले, टोनर रीफिलवाले, एकदिवसीय सेमिनारवाले आपल्याच देशातल्या साध्या कनेक्शनवरून मारा करायचे. त्यांच्याकडे बघायला लंडन-अमेरिकेतल्या कोणाला वेळ होता?

लॉग चाळताना मात्र एक गोष्ट दिसली. ही मंडळी डिरेक्टरी पहिल्या पानापासून सुरू करत. इंग्रजी 'ए'ने नाव सुरू होणाऱ्या कारखान्यात मेल सकाळी पडायचा, 'व्ही'वाल्यांकडे दुपारच्या चहानंतर. म्हणजे 'ए'च्या सर्व्हरने 'व्ही'च्या सर्व्हरला वेळेत सांगितलं, तर 'व्ही'च्या दारात तो मेल अडतो. आमचा सगळा धंदा या निरीक्षणावर उभा आहे. माहितीपत्रकवाल्यांना हे विचारून बघा.

सांगायचं कसं, हा प्रश्न होता. सुरुवातीला कोणाला अडवायचं ते लिहिलेली ॲक्सेस फाइल फ्लॉपीवर घ्यायची, स्कूटर काढायची, सातपूरहून अंबडला जाऊन ती पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करणारी पोस्टमॅप कमांड चालवायची. मग एफटीपी. त्यात लाइन मध्येच तुटली की अर्धी यादी बसायची आणि सर्व्हर ती अर्धीच खरी मानायचा. फाइल पाठवणाऱ्या आरसिंकवर आलो तेव्हा सुटलो, कारण पूर्ण फाइल उतरल्याशिवाय ते जुनीला हात लावत नाही. शेवटी आरबीएलडीएनएसडी. मायकेल टोकारेव्हचा हा छोटासा प्रोग्राम, 'हा आयपी यादीत आहे का' याला डीएनएसवरून उत्तर देण्याचं एकच काम करतो आणि ते चोख करतो. साधी टेक्स्ट फाइल. पहिल्या ओळीत कोलन, १२७.०.०.२, पुन्हा कोलन आणि पुढे निरोप. निरोपात डॉलरचं चिन्ह टाकलं की तिथे अडवलेला आयपी आपोआप उमटतो. खाली नुसते पत्ते. फाइल बदलली की मिनिटाभरात स्वतःच नवी यादी वाचून घेतो, सर्व्हिस रीस्टार्ट करायची गरज नाही. हल्लीच्या पोरांना डॅशबोर्ड लागतो. या प्रोग्रामला डॅशबोर्ड नाही, म्हणूनच तो वर्षानुवर्षं पडत नाही.

त्या निरोपाच्या ओळीत मी ऑफिसचा लँडलाइन नंबर घातला होता. चुकून एखादा सरळ माणूस अडकला तर त्याला विचारायला कोणीतरी जिवंत माणूस हवा. यादीत नाव घालायला अक्कल लागत नाही, काढायला लागते. आमच्या प्रत्येक नोंदीवर तारीख असते आणि महिनाभरात पुन्हा तक्रार आली नाही तर नोंद गळून पडते. जाता जाता सांगतो, सोडून गेलेल्या कामगारांचे मेल आयडी स्पॅमच्या सापळ्यासाठी (त्यावर मेल पाठवणारा थेट यादीत) छान चालतात, पण माणूस गेला की लगेच सापळा लावू नका. आधी वर्षभर त्या आयडीवरचे मेल बाउन्स होऊ द्या, म्हणजे परत जाऊ द्या. नाहीतर जुना सप्लायर दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतो आणि तुमच्या यादीत जाऊन बसतो.

आता नानांबद्दल. पिंपळगाव बसवंतचे द्राक्ष निर्यातदार, आमचे अगदी सुरुवातीचे गिऱ्हाईक. पहिल्यांदा आले ते स्पॅमचे प्रिंटआउट घेऊन, डॉट मॅट्रिक्सच्या कागदाची लांबच लांब घडी. म्हणाले, "भाऊ, एवढं सगळं बंद करून द्या." एकाही पानावर हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला ते सांगणाऱ्या ओळी, नव्हतं. मी त्यांना शेजारी बसवून 'रिसीव्हड'च्या ओळी कशा वाचायच्या ते दाखवलं. सगळ्यात वरची ओळ आपल्या सर्व्हरने लिहिलेली, ती खरी. खालच्या समोरच्याने काहीही लिहून पाठवलेल्या असू शकतात. नानांनी लगेच पकडलं. "म्हणजे वरची आपली, खालच्या ऐकीव." पुढच्या वेळी आले तेव्हा प्रत्येक पानावर वरच्या ओळीतला आयपी लाल पेनने गोल केलेला. पॅकहाउसमध्ये माल नाकारताना वापरतात तेच पेन. मेलला ते आजही टपाल म्हणतात. त्यांच्या शब्दावर ओझर-पिंपळगावचे आणखी काही निर्यातदार आमच्याकडे आले. त्यातले बरेचसे कॉलेज रोडवाल्यांना सोडून आलेले, हे लक्षात ठेवा.

मार्च २००८. ओपन रिलेंची, म्हणजे कोणाचाही मेल पुढे पाठवणाऱ्या उघड्या सर्व्हरांची, एक जुनी यादी डेन्मार्कमधून चालायची. ती डिसेंबर २००६ मध्येच बंद झाली होती. तरी जगभरचे सर्व्हर तिला विचारतच राहिले. अखेर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्या नावावरून प्रत्येक आयपीला 'हो, यादीत आहे' असं उत्तर यायला लागलं. हेतू एवढाच, की झोपलेल्यांनी उठावं आणि ती ओळ काढावी. आमच्या स्वतः बसवलेल्या एकाही सर्व्हरवर ती ओळ नव्हती. होती ती कॉलेज रोडहून आलेल्या सर्व्हरांवर, वर 'हात लावू नये' अशी सूचना लिहून. आमचं त्या सर्व्हरांचं कंत्राट अँटीव्हायरस आणि बॅकअपचं. पण मेल थांबला की कंत्राट कोण वाचतो?

मार्च म्हणजे द्राक्षाचा भर हंगाम. कंटेनर न्हावा शेव्याला, रॉटरडॅमच्या खरेदीदाराने बिल ऑफ लेडिंगचा (जहाजी मालाच्या पावतीचा) मसुदा बघून होकार कळवायचा, आणि तो होकारच दारातून परत. जीमेलचाही परत, शिपिंग एजंटचाही, शेजारच्या पॅकहाउसचाही. पिंपळगावहून फोन सुरू झाले ते थांबेचनात. मी पहिलं काम केलं ते सगळीकडे सॉफ्ट बाउन्स चालू करण्याचं. पोस्टफिक्समधली ही एक ओळ पाचशेच्या कोडच्या कायमच्या नकाराला चारशेच्या कोडच्या 'नंतर या'मध्ये बदलते, म्हणजे समोरचा सर्व्हर मेल फेकून देत नाही, रांगेत ठेवून पुन्हा पाठवतो. पोस्टफिक्स असेल तर पाच दिवस. प्रत्येक ॲडमिनने ही ओळ पाठ करावी. कारण शोधायला मग सवड मिळते. आधी कारण शोधत बसलात तर तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाचे मेल मेलेले असतात.

ओळ सापडली, काढली, टपाल सुरू झालं. पण सगळं खरं तिथून पुढे घडलं. नकाराच्या मेलमध्ये 'ब्लॉक' हा शब्द होता, आणि ब्लॅकलिस्टवाले म्हणून गावात आमचं नाव. कॉलेज रोडवाल्यांनी दारोदार जाऊन सांगितलं, "यांच्या यादीने तुमचे मेल खाल्ले." ओळ त्यांची, सूचना त्यांची, आणि मेल खाल्ले आम्ही! निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं त्या उन्हाळ्यात गेली. सातपूरच्या एका मालकाने तर उरलेलं बिलही दिलं नाही. भाडं थकलं, एक मशीन विकलं. नाना आले, पुढच्या वर्षाच्या एएमसीचा (वार्षिक देखभालीचा) चेक टेबलावर ठेवला. म्हणाले, "पावती सावकाश द्या. ज्यांना मी तुमच्याकडे पाठवलं, त्यांच्याशी माझं मी बोलतो." ते खरंच पॅकहाउसा-पॅकहाउसात जाऊन बोलले. काही परत आले.

तेव्हा लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट अजून चालते. दर तासाला प्रत्येक यादीला १२७.०.०.१ बद्दल विचारायचं. हा आयपी कुठल्याच यादीत असता कामा नये. कोणी 'आहे' म्हणालं, की ती यादी त्या क्षणी कॉन्फिगरेशनमधून बाहेर. १२७.०.०.२ मात्र यादीत असलाच पाहिजे. तो नाही म्हणालं तर यादी मेलेली. २०१० च्या आरएफसी ५७८२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात हाच नियम लेखी आला. आमची स्क्रिप्ट त्याआधीची, याची नोंद घ्यावी.

२००८ च्याच नोव्हेंबरात स्पॅमरांचे सर्व्हर ठेवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो कंपनीचं कनेक्शन तोडलं गेलं आणि जगभरचा स्पॅम एका रात्रीत धाडकन उतरला. आम्हाला वाटलं केबल निघाली. दोन कारखान्यांनी अभिनंदनाचे फोन केले. घेतले.

आणि मग ती फोनची गोष्ट. २००९ मध्ये ऑफिसला अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले. औरंगाबादचा एक ट्रान्सपोर्टवाला तावातावाने, "तुम्ही आमचा मेल का अडवला?" ज्या कंपनीला त्याने मेल पाठवला होता ती आमची गिऱ्हाईक नव्हतीच. कॉलेज रोडची होती. त्यांनी आमची अख्खी फाइल उचलली होती, आणि उचलताना पहिली ओळ वाचायचेही कष्ट घेतले नव्हते. त्यांच्या दारात अडकलेला प्रत्येक माणूस आमच्या लँडलाइनवर! आरसिंकला पासवर्ड नव्हता का, असं विचारू नका. होता, आणि तो एका कारखान्यात मॉनिटरवर चिकटवलेला होता. मी यादीत १९२.०.२ मालिकेतला एक पत्ता घातला. ही मालिका फक्त पुस्तकातल्या उदाहरणांसाठी राखीव आहे, तिथून मेल कधीच येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सर्व्हरला विचारलं, 'हो, यादीत आहे.' कागद घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणाले, योगायोग.

त्यांच्याकडे तेव्हा सगळी गिऱ्हाइकं एकाच आयपीवरून मेल पाठवायची. एका क्लासवाल्याने हजारोंनी जाहिराती सोडल्या आणि तो आयपी स्पॅमहाउसच्या यादीत गेला. बाकीच्या निरपराधांचेही मेल अडकले. नानांना हे समजवावं लागलं नाही. २०१० मध्ये युरोपात क्लोरमेक्वाटच्या (वेलीची वाढ रोखणारं रसायन, बाजारात लिहोसिन) अंशावरून आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. "एकाच्या बागेत लिहोसिन निघालं, आणि चौकशी माझ्या पेटीची," ते म्हणाले. स्वतंत्र आयपीला आम्ही जास्त पैसे का घेतो, हे त्यानंतर पिंपळगावात कोणी विचारलं नाही.

पुढची दहा-बारा वर्षं ठीक गेली.

आता बहुतेकांचे मेल गूगल नाहीतर मायक्रोसॉफ्टकडे आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्या नावाच्या मालकाचा आहे का ते तपासण्याच्या पद्धती) सक्तीचं केलं, त्याचीच कामं जास्त येतात. स्वतःचा सर्व्हर ठेवणारे मोजके राहिले. त्यांच्यासाठी यादी चालू आहे, नानाही त्यांच्यातच. कॉलेज रोडवाले आता सोलर पॅनेल लावून देतात. तिथेही 'नाशिकमध्ये प्रथमच' आहेच.

ज्यांचा जुना पोस्टफिक्स अजून कोपऱ्यात चालू आहे, त्यांनी एवढं करा. सॉर्ब्स ही ब्लॅकलिस्ट जून २०२४ मध्ये बंद झाली, ती ओळ असेल तर काढा. सर्व्हरचा डीएनएस गूगलच्या सार्वजनिक ८.८.८.८ वर ठेवू नका, स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधणारा प्रोग्राम) बसवा. स्पॅमहाउस अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून विचारणाऱ्याला १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतं, आणि काहीही उत्तर आलं की दार बंद करणारा सर्व्हर मग सगळंच अडवतो. २००८ चा तमाशा घरबसल्या पुन्हा बघायला मिळेल. जमत नसेल तर या आमच्याकडे. येताना मेल लॉग घेऊन या, मोबाईलवर काढलेला स्क्रीनचा फोटो नको. आणि सर्व्हर आधी कोणी बसवला होता ते दारातच सांगा.