द्राक्षकाढणीच्या दिवसांत वाखाऊ : व्हिएन्नाहून एका दिवसाचा प्रवास

व्हिएन्नात शोनब्रुन आणि होफबुर्ग हे राजवाडे पाहून झाले की बहुतेक भारतीय प्रवाशांच्या हाती एखादा दिवस उरतो, आणि तो ते हालश्टाट या तळ्याकाठच्या गावाला धावत जाऊन येण्यात खर्च करतात. त्यातले सहा-सात तास केवळ बसण्यात जातात. प्रवास सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरात असेल, तर हा दिवस डॅन्यूबकाठच्या वाखाऊ खोऱ्याला द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. मेल्क आणि क्रेम्स या दोन गावांमधला नदीचा हा सुमारे 36 किलोमीटरचा पट्टा 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. येथे मठ, किल्ले आणि जुनी गावे आहेतच. पण खोऱ्याला रूप दिले आहे ते शेतीने, आणि म्हणून शेतीचे काम चालू असताना ते पाहण्यात खरा अर्थ आहे.

व्हिएन्नाहून मेल्कला रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येते. स्टेशनाबाहेर पडताच कड्यावरचा पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा बेनेडिक्टाइन मठ दिसतो. 1089 पासून येथे भिक्षूंची वस्ती आहे. आजची बरोक वास्तू मात्र याकोब प्रांटटाउअर या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार 1702 ते 1736 या काळात उभी राहिली. संगमरवरी दालन आणि ग्रंथालय या दोन्हींच्या छतांवर पॉल ट्रोगरने रंगवलेली चित्रे आहेत. या दोन दालनांना जोडणाऱ्या उघड्या सज्जावर अवश्य थांबावे, कारण तेथून नदी, गाव आणि समोरचे डोंगर एका नजरेत येतात. मठासाठी दीड-दोन तास पुरेत. आतल्या सोनेरी नक्षीत कितीही रमावेसे वाटले, तरी बोटीची वेळ चुकवू नये.

बोटीने जायचे ते मेल्कहून क्रेम्सच्या दिशेने, म्हणजे प्रवाहाबरोबर. हा संपूर्ण प्रवास पावणेदोन तासांच्या आसपास होतो. उलट दिशेने यायचे तर नदीचा जोर विरोधात असल्याने जवळजवळ तीन तास लागतात. ऑस्ट्रियात डॅन्यूबवर जलविद्युत प्रकल्पांची साखळी आहे आणि बहुतेक ठिकाणी नदी बंधाऱ्यांमागे तुंबलेली दिसते. मोकळी वाहते ती फक्त वाखाऊत आणि व्हिएन्नाच्या पूर्वेला. वाखाऊतही गेल्या शतकाच्या उत्तरार्धात असा प्रकल्प उभारण्याचा बेत होता. स्थानिक रहिवाशांनी चिकाटीने विरोध केला म्हणून तो सोडून द्यावा लागला. डेकवर उभे राहून किनाऱ्याकडेचे वाळूचे पट्टे आणि पाण्यातले भोवरे पाहताना त्या लोकांविषयी मनापासून कृतज्ञता वाटते.

उजवीकडे उंच कड्यावर आग्श्टाइनच्या किल्ल्याचे अवशेष दिसतात. पुढे डाव्या काठाला विलेनडोर्फ हे छोटे गाव लागते. येथे 1908 मध्ये रेल्वेमार्गाचे काम चालू असताना सुमारे अकरा सेंटीमीटर उंचीची, जवळपास तीस हजार वर्षांपूर्वीची दगडी स्त्रीमूर्ती सापडली. ती मूर्ती व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे, आणि हा काठ पाहून झाल्यावर ती पाहिली तर अधिक भिडते.

मी श्पिट्झला उतरून ड्युर्नश्टाइनपर्यंत चालत जाणे पसंत करतो. अंतर अकरा-बारा किलोमीटर आहे, आणि वाट बराच वेळ द्राक्षबागांमधून जाते. डोंगराच्या उभ्या उतारावर चुना किंवा सिमेंट न वापरता दगडी ताली रचल्या आहेत आणि प्रत्येक तालीमागच्या मातीच्या अरुंद पट्टीवर वेलींच्या एक-दोन ओळी उभ्या आहेत. दगड एकमेकांत असे बसवलेले असतात की पाणी झिरपून जाते, पण माती धरून राहते. दिवसभर तापलेला दगड रात्री वेलींना ऊब देतो. याच फटींत राहणाऱ्या हिरव्यागार सरड्यावरून येथील सर्वांत पक्व द्राक्षांच्या वाइनला ‘स्मारागड’, म्हणजे पाचू, हे नाव दिले गेले आहे.

या पायऱ्यांवर यंत्र चालत नाही, त्यामुळे काढणी हातानेच होते. एक बाई घड डाव्या हाताच्या ओंजळीत धरून कात्रीने देठ कापत होती, घड उलटून पाहत होती, कुजलेले मणी कात्रीच्या टोकाने काढून टाकत होती आणि मगच तो क्रेटमध्ये ठेवत होती. आपल्याकडे नाशिकच्या बागांत याच ऑक्टोबरात गोडी छाटणीची धांदल असते आणि माल येतो तो जानेवारीनंतर. येथे त्याच दिवसांत वर्षाचे पीक घरात येते. पाने पिवळी पडू लागलेली असतात, सकाळचे धुके नदीवरून उशिरा हटते, आणि दुपारचे तिरपे ऊन पडले की तालींची प्रत्येक रेघ वेगळी उठून दिसते.

ड्युर्नश्टाइनमध्ये गर्दी असते, कारण निळ्या-पांढऱ्या मनोऱ्याच्या चर्चचे छायाचित्र सर्वांना हवे असते. मी मात्र वरच्या पडक्या किल्ल्यापर्यंत चढून जावे असे सुचवीन. तिसऱ्या धर्मयुद्धात ऑस्ट्रियाच्या पाचव्या लिओपोल्डचा अपमान केल्यामुळे इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड परतीच्या वाटेवर डिसेंबर 1192 मध्ये पकडला गेला आणि त्याला येथे डांबून ठेवले गेले. त्याच्या सुटकेसाठी मिळालेल्या खंडणीतून व्हिएन्नाच्या तटबंदीचा खर्च निघाला. किल्ला 1645 मध्ये स्वीडिश सैन्याने उद्ध्वस्त केला.

खाली उतरल्यावर एखादे ‘हॉयरिगर’, म्हणजे बागाईतदाराच्या घरचे वाइनगृह, शोधावे. बागाईतदारांना आपल्याच घरी आपली वाइन विकण्याची मुभा सम्राट दुसऱ्या जोसेफने 1784 मध्ये दिली, आणि ती प्रथा अजून चालू आहे. घरे आळीपाळीने उघडतात; दारावर हिरवी फांदी टांगलेली दिसली की आत जावे. या दिवसांत अर्धवट आंबलेला, गढूळ आणि गोडसर ‘श्टुर्म’ मिळतो. तो बाटलीतही आंबतच असतो, म्हणून बाटलीचे बूच घट्ट लावत नाहीत. मद्य न घेणाऱ्यांसाठी ताजा द्राक्षरस असतो. शाकाहारी मंडळींनी पावाबरोबर ‘लिप्टाउअर’ मागावे. चक्क्यासारख्या मऊ चीजमध्ये लाल पाप्रिका घालून ते केलेले असते.

बोटी ऑक्टोबरअखेर बंद होतात आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात, त्यामुळे त्यानंतर पाच वाजण्यापूर्वीच अंधारते. नोव्हेंबरच्या मध्यानंतर व्हिएन्नात नाताळचे बाजार भरतात, पण तोवर येथील वेली उघड्या पडलेल्या असतात. या दोन्ही गोष्टी एकाच सहलीत बसवण्याचा हट्ट धरू नये. ड्युर्नश्टाइनहून क्रेम्सला बस मिळते, आणि तेथून व्हिएन्नाच्या फ्रान्त्स-योझेफ्स स्थानकापर्यंत रेल्वेला तासाभराहून थोडाच अधिक वेळ लागतो.